नव्या मोटोक्रॉस गाडीची परीक्षणे आणि कोल्हापूरची माती

ट्रायम्फने नोव्हेंबर २०२३ मध्ये टीएफ २५०-एक्स ही मोटोक्रॉस (मातीच्या, उड्या-वळणांच्या ट्रॅकवरच्या शर्यतीची) गाडी जाहीर केली, तेव्हापासून आमच्या कोल्हापुरातल्या रायडर मंडळींत जेवढा वाद तिच्या परीक्षणांवरून झाला आहे, तेवढा प्रत्यक्ष गाडीवरून झालेला नाही, कारण आमच्यापैकी कुणी ती चालवलेलीच नाही. चाकणमध्ये तयार होणाऱ्या स्पीड ४०० मुळे ट्रायम्फ हे नाव आता आपल्या परिचयाचे झाले आहे. परंतु अ‍ॅल्युमिनियमची चौकट, २५० सीसीचे एकसिलिंडर फोर-स्ट्रोक इंजिन आणि इंधनाविना १०४ किलो वजन असलेली ही गाडी केवळ शर्यतीसाठी आहे. तिच्या विकासात रिकी कारमायकलसारखा अमेरिकन मोटोक्रॉस विजेता सहभागी होता, हे कळल्यावर परीक्षकाची लेखणी थोडी नरम होणारच, असे गृहीत धरून मी वाचायला बसतो.

चौकटीची आणि वळणांतल्या हाताळणीची बहुतेकांनी स्तुती केली आहे; त्यावर आमच्यातही फारसा मतभेद नाही. खरा वाद पेटला तो काहींनी सस्पेन्शन कडक असल्याचे लिहिले त्यावरून. एका गटाचे म्हणणे असे की, मोठ्या उड्यांसाठी ते तसेच हवे. दुसऱ्या गटाचे म्हणणे असे की, अशी गाडी हौशी रायडरच्या मनगटांचे हाल करील. माझ्या मते दोन्ही गट परीक्षकाचे वजन विचारायचे विसरले. ज्याला ८० किलोच्या माणसाने कडक म्हटले, ते आमच्यातल्या ६० किलोच्या पोराला त्याहून कडक लागणार. रायडर गाडीवर बसल्यावर मागची बाजू साधारण १०० ते १०५ मिलिमीटर दबावी, हा नेहमीचा हिशेब आहे. स्प्रिंगचा ताण कमी करून हा आकडा जुळवला आणि तरीही रिकामी गाडी आपल्याच वजनाने फार खाली बसू लागली, तर ती स्प्रिंग रायडरच्या वजनाला कडक आहे असे समजावे. परीक्षकाचे वजन आणि हा आकडा ज्या परीक्षणात नाही, त्यातल्या ‘कडक’ या शब्दाचा मला काहीही उपयोग होत नाही.

मातीचेही तेच आहे. अनेक परीक्षणे जिथे होतात ते कॅलिफोर्नियातले ट्रॅक सरावाआधी नांगरून आणि पाणी मारून तयार केलेले असतात. आपल्याकडे पन्हाळा-गगनबावड्याच्या बाजूला तांबडी जांभ्याची माती आणि खडे, तर शिरोळकडे काळी माती, जी पावसात टायरच्या गुट्ट्यांत आणि मडगार्डखाली अशी थापली जाते की गाडीचा हलकेपणा तिथेच संपतो, आणि उन्हाळ्यात मात्र टणक होऊन भेगाळते. उन्हाळ्यातल्या धुळीत एअर फिल्टर किती सहज काढता येतो, हे मला कमाल अश्वशक्तीपेक्षा महत्त्वाचे वाटते.

आमच्या मतांवरही मी डोळे झाकून विश्वास ठेवीत नाही. आमच्यातले बहुतेक जण हिरोच्या एक्सपल्सवर शिकलेले आहेत आणि ती दीडशे किलोंच्या वरची गाडी आहे. तिच्यावरून उतरलेल्या माणसाला कोणतीही मोटोक्रॉस गाडी चपळच वाटेल. त्यामुळे वेगवेगळ्या वजनाच्या आणि कुवतीच्या रायडरांनी एकाच ट्रॅकवर चार-पाच गाड्या आलटून पालटून चालवलेली तुलना मी अधिक मानतो, आणि तिच्यातही दोघांनी स्वतंत्रपणे केलेली एकच तक्रार मला दहा कौतुकांपेक्षा जड वाटते.

या परीक्षणांतली सर्वांत मोठी उणीव तासांची आहे. शर्यतीच्या इंजिनाचे आयुष्य किलोमीटरमध्ये नव्हे, तर तासांत मोजले जाते. तेल दर काही तासांनी बदलावे लागते, व्हॉल्व्हचे अंतर तपासत राहावे लागते आणि पिस्टन ठरावीक तासांनंतर बदलण्याची वस्तू असते. पहिले परीक्षण बहुधा एका दिवसाचे असते, गाडी कंपनीने दिलेली असते आणि कंपनीचा तंत्रज्ञ पान्हा घेऊन शेजारी उभा असतो. आमच्याकडे त्याच्या जागी उद्यमनगर, म्हणजे कोल्हापुरातली कारखान्यांची वसाहत, आहे. तिथे बुश, स्पेसर किंवा वाकलेल्या फूटपेगचा नवा जोड लेथवर चोख तयार होईल, पण टायटॅनियमचा व्हॉल्व्ह किंवा इंजिनाचा ईसीयू (इंजिन नियंत्रित करणारा इलेक्ट्रॉनिक भाग) तिथे घडवता येणार नाही. ते सुटे भाग किती दिवसांत आणि काय दराने मिळतात, हे पन्नास तास चाललेल्या गाडीच्या मालकाकडूनच कळेल, आणि तसा एखादा मालक भेटेपर्यंत या गाडीसाठी पैसे बाजूला काढायला मी कुणालाही सांगणार नाही.