रोजनिशी : रिचर्ड मार्क्स आणि कोरसची शाळा

शनिवार, रात्र

आज अमेरिकन गायक-गीतकार रिचर्ड मार्क्सची गाणी काळाच्या क्रमाने ऐकायला घेतली. सुरुवात त्याच्या स्वतःच्या रेकॉर्डने केली नाही, गायक लायनेल रिचीच्या 1983 च्या ‘ऑल नाइट लाँग’ने केली. त्यात मार्क्स मागे कोरसमध्ये आहे. त्याची बॅलड, म्हणजे संथ प्रेमगीतं, समजून घ्यायची तर तिथूनच निघावं, असं माझं ठाम मत आहे.

त्याच्याही आधी जिंगल्स, म्हणजे जाहिरातींची छोटी गाणी, होत्या. जन्म 1963 चा, शिकागोचा. वडील डिक मार्क्स जाहिरातींच्या संगीतातलं मोठं नाव, आई गायिका. पाचव्या वर्षापासून पोरगा जाहिरातींसाठी गात होता. तीस सेकंदांत चाल बसली पाहिजे, प्रत्येक शब्द पहिल्याच ऐकण्यात कळला पाहिजे, आणि वस्तूचं नाव नेमकं चालीच्या उंच जागी आलं पाहिजे. पुढे त्याच्या ध्रुवपदात गाण्याचं शीर्षक कुठे येतं ते बघावं, ही सवय लगेच सापडते.

शाळेत असताना केलेली टेप रिचीच्या कानावर गेली आणि त्याने लॉस एंजेलिसला ये म्हणून सांगितलं. तिथे मिळालं ते कोरसचं काम. हे काम वरून सोपं दिसतं. तोच सूर पुन्हा पुन्हा गाऊन आवाजाचे थर चढवायचे असतात. वरच्या थरांत शब्दाच्या शेवटचा ‘ट’ किंवा ‘स’ जवळजवळ गिळावा लागतो, नाहीतर तीन ‘ट’ तीन वेगवेगळ्या क्षणी पडतात आणि ओळ फाटल्यासारखी वाटते. व्हायब्रेटो, म्हणजे लांबवलेल्या सुरातलं कंपन, आवरावा लागतो, कारण दोन आवाजांची कंपनं एका वेगाने चालत नाहीत आणि सूर गढूळ होतो. श्वास कुठे घ्यायचा हे मुख्य गायक ठरवतो. अशा शिस्तीत काही वर्षं काढलेला माणूस पुढे येऊन गायला लागला, की उगाच हरकती घेत नाही.

याच काळात कंट्री गायक केनी रॉजर्ससाठी गीतलेखन झालं. 1984 चं ‘व्हॉट अबाउट मी?’ रॉजर्स, डेव्हिड फॉस्टर आणि मार्क्स या तिघांचं. स्वतःच्या अल्बमला मात्र एकामागून एक कंपन्यांनी नकार दिला. अखेर ब्रूस लुंडवॉलने त्याला मॅनहॅटन रेकॉर्ड्स या कंपनीत घेतलं आणि 1987 साली पहिला अल्बम आला. पहिलं गाणं ‘डोन्ट मीन नथिंग’ तिसऱ्या क्रमांकापर्यंत गेलं. त्यात जो वॉल्शची स्लाइड गिटार आहे. तिथून 1989 च्या ‘अँजेलिया’पर्यंत ओळीने सात सिंगल्स (सुटी प्रसिद्ध केलेली गाणी) बिलबोर्ड या अमेरिकन क्रमवारीच्या पहिल्या पाचांत, त्यातली तीन अव्वल. ‘होल्ड ऑन टू द नाइट्स’ 1988 मधलं, त्याचं पहिलं अव्वल गाणं.

‘राइट हिअर वेटिंग’वर मात्र थांबायलाच हवं. मार्क्सची जोडीदार, अभिनेत्री सिंथिया ऱ्होड्स दक्षिण आफ्रिकेत चित्रीकरणात अडकलेली, याला व्हिसा नाकारलेला. त्या विरहातून हे गाणं आलं. गायिका बार्बरा स्ट्रायसँडकडेही ते गेलं होतं, पण वाट बघत बसणारी बाई तिला मान्य नव्हती. मग त्यानेच गायलं आणि ऑगस्ट 1989 मध्ये ते तीन आठवडे अव्वल राहिलं.

या रेकॉर्डमध्ये ड्रम्स नाहीत. कीबोर्ड, नायलॉन तारांची गिटार आणि आवाज, बस्स. पट्टी सी मेजर, लय मिनिटाला साधारण 90 ठोके. हे गाणं बसवणारे बहुतेक इथेच अडकतात. ताल धरायला कुणी नाही म्हणून गायक ओळी लांबवतो, पियानोवाला त्याच्यासाठी थांबतो, आणि दुसऱ्या अंतऱ्यापर्यंत गाणं रखडतं. त्यावर उपाय म्हणजे पियानोच्या डाव्या हाताने कुणासाठीही थांबायचं नाही. गायकाने मागेपुढे व्हावं, पण समेवर यावं. दुसरी चूक आवाजाची. पहिल्याच ध्रुवपदात सगळा जोर लावला तर शेवटच्या ध्रुवपदासाठी काही उरत नाही. अंतरा माइकपासून 5-8 सेंटिमीटरवर हळू गावा, तिथे खर्जाची ऊब आपोआप मिळते. ध्रुवपदाला 15-20 सेंटिमीटर मागे सरकावं. मार्क्सचा आवाज मुळात थोडा खरखरीत आहे, म्हणून त्याचं हळू गाणंही पातळ होत नाही. गुळगुळीत आवाजाच्या गायकाने ती खरखर उसनी आणू नये, फार केविलवाणं वाटतं.

नव्वदीत ‘हॅझर्ड’ आणि ‘नाउ अँड फॉरएव्हर’ चालली, मग गायक म्हणून तो मागे पडत गेला. लेखणी मात्र थांबली नाही. 2000 साली ‘एन सिंक’ या गायक मुलांच्या बँडसाठी ‘धिस आय प्रॉमिस यू’ त्यानेच लिहिलं. गायक ल्यूथर व्हॅन्ड्रॉसबरोबर लिहिलेलं ‘डान्स विथ माय फादर’ मला त्याच्या सगळ्या कामात सर्वांत मोलाचं वाटतं. दोघांचेही वडील गेलेले. मार्क्सचे 1997 मध्ये अपघातात, ल्यूथरचे तो लहान असतानाच. गाण्यात दुःखाची व्याख्या कुठेच नाही, आईवडिलांसोबत घरात नाचणारं मूल आहे. 2004 च्या ग्रॅमीत ते वर्षातलं सर्वोत्तम गीत ठरलं. ल्यूथर पक्षाघातामुळे येऊ शकला नाही; सेलीन डिऑन गायली आणि पियानोवर मार्क्स होता.

उद्या गायक कीथ अर्बनबरोबर मार्क्सने लिहिलेली कंट्री गाणी. ‘बेटर लाइफ’ आणि 2011 चं ‘लाँग हॉट समर’ आधी लावायची.