कुशीवर झोपणाऱ्याची गादी आणि 14 दिवसांचा हक्क

झोपून पाहिलेली गादी विक्रेत्याला परत करता येते, हे जर्मनीत आल्यावर प्रथम ऐकले तेव्हा माझा विश्वास बसला नाही. ऑनलाइन घेतलेल्या मालासाठी युरोपीय संघात 14 दिवसांचा परतीचा हक्क आहेच. पण गादीवरचे संरक्षक प्लॅस्टिक काढल्यावरही तो उरतो का, यावरून एका जर्मन ग्राहकाचा वाद युरोपीय न्यायालयापर्यंत गेला आणि 27 मार्च 2019 रोजी न्यायालयाने ‘उरतो’ असा निर्वाळा दिला. कपडे अंगावर चढवून पाहून परत करता येतात आणि ते स्वच्छ करून पुन्हा विकता येतात, मग गादीलाच वेगळा न्याय का, असा त्यामागचा विचार होता. पारखण्यापुरत्या वापराच्या पलीकडे जाऊन गादीची किंमत उतरवली, तर तेवढी भरपाई मात्र ग्राहकाला द्यावी लागते. ‘बिका हुआ माल वापस नहीं होगा’ ही पाटी वाचत इंदुरात वाढलेल्या मला या निकालाचे जे कौतुक वाटले, ते इथल्या शेजाऱ्यांना समजावून सांगणे अवघड आहे.

तरीही इंदूरची बाजू मांडल्याशिवाय राहवत नाही. आपली कापसाची गादी परत करण्याची वेळच येत नाही, कारण ती दबली की पिंजाऱ्याला बोलावून कापूस पिंजून घेता येतो आणि गादी पुन्हा नवी होते. इथली महागडी गादी एकदा खचली की तिची रवानगी थेट मोठ्या वस्तूंच्या कचऱ्यात होते. आणि कचऱ्याच्या बाबतीत इंदूरकराला कोणी शिकवू नये.

मात्र त्या कापसाच्या गादीने माझ्या खांद्याचे कधी भले केले नाही, हेही खरे. ‘कडक अंथरूण पाठीला चांगले’ असे आपल्याकडे मानतात. पाठीवर झोपणाऱ्याचे त्यावर निभावते, पण कुशीवर झोपणाऱ्याचा बराचसा भार खांदा आणि खुबा या दोन ठिकाणी येतो. ते दोन्ही थोडे आत रुतले नाहीत, तर कंबर अधांतरी राहते आणि खालचा हात बधिर होतो. फार रुतले, तर पाठीचा कणाच वाकतो. ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात 2003 साली आलेल्या एका स्पॅनिश अभ्यासात कंबरदुखीच्या 313 रुग्णांपैकी मध्यम कडक गादीवर झोपणाऱ्यांना अगदी कडक गादीवाल्यांपेक्षा अधिक आराम पडल्याचे दिसले. हे मी आईला फोनवर ऐकवले. ‘मग आमच्या पाठींना काय झाले?’ या तिच्या प्रश्नाला माझ्याकडे अजून उत्तर नाही.

माझी निवड लॅटेक्स हायब्रिडवर ठरली. तिच्यात खाली कापडी पिशव्यांत सुटे सुटे बसवलेले स्प्रिंग असतात आणि वर रबराच्या चिकापासून केलेला लॅटेक्सचा थर. प्रत्येक स्प्रिंग स्वतंत्रपणे दबत असल्यामुळे खुब्याचा भार कमरेखालच्या आधाराला ओढत नाही, आणि लॅटेक्स हे मेमरी फोमपेक्षा (अंगाच्या आकाराने हळूहळू दबणाऱ्या फोमपेक्षा) लवकर पूर्ववत होत असल्याने कूस बदलताना खड्ड्यातून वर यावे लागत नाही. लॅटेक्स बनवण्याच्या दोन पद्धतींपैकी डनलॉप साधारणपणे घट्ट लागते, तर साच्यात गोठवून केलेली टॅलाले अधिक मऊ आणि उसळती असते. वरचा थर पातळ असला की खांदा स्प्रिंगपर्यंत पोहोचतो, म्हणून मी 6 ते 8 सेंटिमीटरच्या खाली उतरले नाही. कडकपणाच्या एच-2, एच-3 या खुणा प्रत्येक कंपनी आपल्या मापाने लावते. त्यांपेक्षा आडवे झाल्यावर कोणाला तरी मागून पाहायला सांगावे आणि मान ते माकडहाड एका रेषेत येते का, ते तपासावे. एकाच पलंगावर दोन वेगळ्या गाद्या ठेवण्याची इथली रीत मला आधी खटकली होती, पण नवऱ्याची कडक आणि माझी मऊ असा तह त्यामुळेच झाला. किंमत ऐकून घरी कोणी भुवया उंचावल्या असतील, तर बधिर हात घेऊन ऑफिसला जावे लागत नाही, एवढेच सांगते.

इंदुरात अशी गादी घेणाऱ्यांनी पलंगही पाहावा. रबर आपल्या केरळात पिकते आणि लॅटेक्सच्या गाद्या भारतातही बनतात. अडचण आपल्या बॉक्स पलंगाची आहे. त्याच्या सलग प्लायवूडवर गादीला खालून हवा मिळत नाही आणि पावसाळ्यात ओल धरते. सुताराकडून त्या फळीला भोके पाडून घ्यावीत आणि गादी अधूनमधून भिंतीला टेकवून उभी करावी. लॅटेक्स जड असते, म्हणून हे काम दोघांनी मिळून करावे, आणि ती उन्हात मात्र ठेवू नये.