पावती क्रमांक ४४१७

१९ ऑगस्ट २०२५, मंगळवार. रात्रीचे साडेअकरा.

जागतिक छायाचित्रण दिन म्हणून आज कॉलेजात बोलायला बोलावलं होतं. १८३९ साली याच तारखेला फ्रान्सच्या सरकारने दागेरची फोटो काढायची पद्धत सगळ्यांसाठी खुली केली, तिथून सुरुवात करून अर्धा तास बोलले. शेवटी मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं, "मॅडम, तुम्ही फोटोग्राफर कधी झालात?" मी म्हणाले, लहानपणापासून आवड होती. टाळ्या पडल्या. घरी येईपर्यंत मात्र ते उत्तर मला टोचत राहिलं. तिने 'कधी' विचारलं होतं.

आवड होती हे खरं. पाचवीत असताना काकांनी त्यांचा आग्फा क्लिक थ्री मला दिला. १२० चा रोल, त्यात बारा फोटो. मागच्या लाल खिडकीत पुढचा आकडा येईपर्यंत रोल फिरवायचा, ऊन आहे की ढग एवढं ठरवायचं आणि खटका दाबायचा. फोकस करायची सोयच नव्हती. सहा-सात फुटांच्या आत गेलं की चेहरा धूसर येणार, हे मला पहिला रोल धुऊन आल्यावर कळलं. बारांतले सात फोटो वाया गेले, कारण मला माणसांच्या अगदी जवळ जायचं असायचं. दादांनी वर्षाला दोन रोल कबूल केले होते, एक गणपतीला आणि एक दिवाळीला. म्हणून मी वहीत आधीच लिहून ठेवायचे, कुठला फोटो, किती वाजता, तेव्हा ऊन कुठल्या बाजूला असेल. दहावीच्या वर्षी रोल बंद झाले ते झालेच. पुढे बी.कॉम. केलं. कॅमेरा कपाटात पडून गंजला.

१९९४ मध्ये सांगलीत मारुती चौकाजवळच्या एका स्टुडिओत लागले, ती हिशेब लिहायला. पावत्या फाडायच्या आणि रजिस्टरमध्ये निगेटिव्हचा नंबर, नाव, गाव, तारीख चढवायची. मालकांना सगळे अण्णा म्हणत. ते शाईच्या पेनाने मोत्यासारखं अक्षर काढत. मी बॉलपेनने भराभर लिहायचे, ते त्यांना फारसं आवडायचं नाही.

कामाचा मुलगा आला नाही की अण्णा मला रिटचिंगच्या टेबलाशी बसवायचे. खालून दिवा, वर काचेवर ब्लॅक अँड व्हाइट निगेटिव्ह, हातात सुईसारखी टोकदार पेन्सिल. देवीच्या व्रणांचे खड्डे प्रिंटमध्ये काळे येतात, म्हणजे निगेटिव्हवर ते पारदर्शक असतात. तिथे पेन्सिलीचं शिसं हलकेच टेकवलं की उजेड अडतो आणि कागदावर खड्डा भरून येतो. सगळं उलटं. दोन-तीन महिन्यांत मी रस्त्यावर भेटलेल्या माणसाला निगेटिव्हवरून ओळखायला लागले. अण्णांचा एकच नियम होता: तीळ पुसायचा नाही. तीळ गेला तर आईसुद्धा म्हणेल, हा माझा नव्हे.

आणि सर्वांत मोठं काम असायचं गेलेल्या माणसांचं. दहाव्याच्या आधी दोघं-तिघं यायची, पिशवीतून लग्नातला एखादा ग्रुप फोटो काढायची आणि मागच्या रांगेतल्या मसुराएवढ्या चेहऱ्यावर बोट ठेवायची. "एवढाच हाय बगा." तो चेहरा हार घालायच्या फ्रेमएवढा मोठा करायचा. कित्येक माणसं साठ-सत्तर वर्षं जगली आणि त्यांचा एकट्याचा एकही फोटो निघाला नाही, हे मला तिथे बसून कळलं. त्याचं मला अजून वाईट वाटतं.

कॅमेरा परत हातात आला तो १९९५ च्या मे महिन्यात, एका हळदीला. आमचा फोटोग्राफर खोलीच्या दारात खोळंबला होता. आत सगळ्या बायका, नवरीच्या अंगाला हळद लागलेली, तो उंबऱ्याशी आला की डोक्यावर पदर जायचे आणि ओव्या थांबायच्या. मी पावतीपुस्तक घेऊन सोबत गेले होते. नवरीच्या आईने मला हाताला धरलं. "पोरी, तूच ये आत." त्याने याशिका माझ्या गळ्यात अडकवला आणि फ्लॅशवर रुमाल बांधून दिला, नाहीतर एवढ्या जवळून चेहरे पांढरेफटक आले असते. दहा बाय दहाची खोली, मागे सरकायला जागा नाही. तीन फुटांवरून फोटो काढले आणि सगळे स्वच्छ आले. त्यानंतर सांगली-मिरजेच्या हळदी हळूहळू माझ्याकडे यायला लागल्या.

पुढचं भराभर झालं. रंगीत लॅबमुळे डार्करूम बंद पडली, तिथे कॉम्प्युटर आला, मी फोटोशॉप शिकून रात्र-रात्र अल्बम लावले. अण्णांनी स्टुडिओ माझ्या हवाली केला. २००५ मध्ये कर्ज काढून निकॉन डी७० हा डिजिटल कॅमेरा घेतला. त्याच पावसाळ्यात कृष्णेचं पाणी दुकानात कंबरभर आलं. ते ओसरल्यावर मी भिंतीवर खूण केली आणि निगेटिव्हचे डबे तिच्यावर दोन फूट उंच फळीवर ठेवले. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. माझी खूण आणि फळी दोन्ही बुडाली.

निगेटिव्ह भिजून वाया जात नाही, एकमेकींना चिकटून वाळली की जाते. फिल्मवरच्या थरात, म्हणजे इमल्शनमध्ये, जिलेटिन असतं, ते फुगतं आणि शेजारच्या पट्टीला धरून बसतं. म्हणून सोडवेपर्यंत त्या स्वच्छ गार पाण्यात ठेवायच्या. पण दुकानाचं शटर उघडायला मिळेपर्यंत वरचे डबे आतल्या आत सुकले होते. सहा वर्षं झाली, कुणी मागितलं की एकेक गठ्ठा भिजत घालते.

गेल्या आठवड्यात खणभागातल्या एक बाई आल्या. पुरात त्यांच्या घरातले सगळे अल्बम गेले. पावती नाही, फक्त हळदीची तारीख ठाऊक, मे १९९६. आईचा फोटो हवाय. ओळखायची खूण म्हणून गालावरचा तीळ, एवढंच त्यांनी सांगितलं. रजिस्टर काढलं. अण्णांची शाईची पानं पुराने धुऊन नेलीत, निळे डाग उरलेत. माझं बॉलपेनचं अक्षर जसंच्या तसं आहे. ४४१७.

त्या मुलीला हे सांगायला हवं होतं. हळदीच्या खोलीचं सांगितलं असतं तरी तिला आवडलं असतं, पण मला आज पावत्या लिहिण्याची ती दोन वर्षंच जास्त महत्त्वाची वाटतायत. त्या हळदीला मी होते की आमचा फोटोग्राफर, काही केल्या आठवत नाही.

पट्ट्या सकाळपासून ट्रेमध्ये होत्या. रात्री जेवण झाल्यावर पाहिलं तर पाचांतल्या दोन सुटल्या होत्या. तिसरीचा पापुद्रा चौथीवर राहिला, पाचवी अजून भिजतेय. सुटलेली एक दिव्यासमोर धरली. हळद निगेटिव्हवर निळी दिसते. निळी नवरी, तिच्या मागे वाकलेली एक बाई, हात नवरीच्या खांद्यावर, चेहरा मसुराहून जरा मोठा. गालावर एक उजळ ठिपका. पाण्याचा थेंब असेल म्हणून पट्टी हलवली. ठिपका जागेवरच राहिला.

चिमट्याला लावून ठेवलीय. धूळ बसेल म्हणून पंखा बंद केलाय. स्कॅन सकाळी, वाळल्यावर. बाईंना तोपर्यंत फोन करायचा नाही.