कास्टिंगचा पुरवठादार निवडताना: एएचपी, टॉप्सिस आणि भारांकांची भांडणं

पंपाच्या बॉडीचं ॲल्युमिनियम कास्टिंग आमच्याकडे एकाच पुरवठादाराकडून यायचं. त्याची भट्टी बंद पडली की आमची असेंब्ली लाइन उभी. दुसरा पुरवठादार जोडायचा हे कधीच ठरलं होतं, पण कोणता, यावर गाडं अडलं होतं. खरेदी विभागाची एक यादी, क्वालिटीची दुसरी, आणि दोघांनाही एकमेकांची यादी मान्य नाही. मी उत्पादन नियोजनात, म्हणजे दोन्हीकडची नाही, म्हणून काम माझ्याकडे आलं. बहुनिकष निर्णयपद्धती मी शिकताना वाचल्या होत्या. खऱ्या कोटेशनवर, खऱ्या माणसांसमोर त्या पहिल्यांदाच वापरणार होते.

सुरुवात निकषांच्या यादीपासून. या विषयात डिक्सन यांचा १९६६चा अभ्यास अजूनही सगळे सांगतात. त्यांनी खरेदीतल्या लोकांना विचारून २३ निकषांचा क्रम लावला होता. गुणवत्ता पहिली, वेळेवर डिलिव्हरी दुसरी, किंमत थेट सहावी. १९९१ मध्ये वेबर, करंट आणि बेंटन यांनी पुरवठादार निवडीवरचे ७४ लेख तपासले, तेव्हा सर्वाधिक लेखांत आलेला निकष होता किंमत. माणसं सांगताना गुणवत्ता सांगतात आणि गणित मांडताना किंमत घेतात, असा मी त्याचा अर्थ लावला. आमच्या बैठकीतही वेगळं काही झालं नाही.

पहिल्या फेरीत यादी फुगली. लीड टाइम (ऑर्डर दिल्यापासून माल येईपर्यंतचा काळ), वेळेवर डिलिव्हरी, अंतर, ठेवावा लागणारा सेफ्टी स्टॉक, वाहतूक खर्च असे सगळे स्वतंत्र रकाने झाले. नीट पाहिलं तर यातले निम्मे एकाच गोष्टीची वेगवेगळी नावं आहेत. लांबचा पुरवठादार पाचही रकान्यांत मार खातो, म्हणजे एकाच दोषाची शिक्षा पाच वेळा. म्हणून वाहतूक आणि जादा साठ्याचा खर्च किमतीत मिळवून ‘दारात पोचेपर्यंतची किंमत’ असा एकच आकडा केला. लीड टाइम आणि वेळ पाळण्याचं प्रमाण तेवढं वेगळं ठेवलं, कारण उशिरा येणं आणि कधी येईल ते न कळणं हे नियोजनासाठी दोन निराळे त्रास आहेत. दुसऱ्याचा जास्त.

काही गोष्टी तर गुण देण्याच्या यादीतूनच काढल्या. गळती चाचणीची सोय नाही, धातूच्या तपासणीचं प्रमाणपत्र देत नाही, किमान मासिक क्षमता नाही, असा पुरवठादार कितीही स्वस्त असला तरी चालणार नव्हता. प्रत्येक निकषाचे गुण त्याच्या महत्त्वाने गुणून केलेल्या साध्या भारित बेरजेत मात्र तो ‘चालून’ जातो, कारण एका रकान्यातली कमतरता दुसऱ्या रकान्यातले गुण भरून काढतात. बर्नार्ड रॉय यांनी १९६०च्या दशकात मांडलेल्या इलेक्ट्रे घराण्याच्या पद्धतींत यावर नकाराधिकाराची सोय आहे. एखाद्या निकषावर फरक ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की बाकी सगळं चांगलं असूनही तो पर्याय वरचढ ठरत नाही. आम्ही इलेक्ट्रे वापरली नाही. हो-नाहीची चाळणी आधी लावली आणि जे उरले तेवढेच पुढे घेतले. यादी बरीच आटली.

मग भारांक, म्हणजे कोणत्या निकषाला किती वजन द्यायचं ते. यासाठी एएचपी (ॲनॅलिटिक हायरार्की प्रोसेस) घ्यायचं ठरलं. थॉमस साटी यांनी १९७०च्या दशकात विकसित केलेली ही पद्धत लोकांना पटते, कारण एका वेळी दोनच निकषांची तुलना करायची असते: १ म्हणजे सारखेच महत्त्वाचे, ९ म्हणजे एक दुसऱ्यापेक्षा टोकाचा महत्त्वाचा. पाच निकष असले की दहा जोड्या होतात, एवढ्यावर माणूस कंटाळत नाही. आठ निकष झाले की २८ जोड्या, आणि विसाव्या जोडीला समोरचा नुसता ‘तीन लिहा’ म्हणू लागतो. निकष जास्त असतील तर जाफर रेझाई यांची २०१५ची बेस्ट-वर्स्ट पद्धत सोयीची. तिच्यात सर्वात महत्त्वाचा आणि सर्वात कमी महत्त्वाचा निकष धरून बाकीच्यांची तुलना फक्त या दोघांशी करायची असते, त्यामुळे आठ निकषांना १३ तुलना पुरतात.

एएचपीत मला सर्वात कामाचं वाटलं ते सुसंगतीचं गुणोत्तर, म्हणजे एकाच माणसाची उत्तरं एकमेकांना किती छेद देतात त्याचं माप. गुणवत्ता डिलिव्हरीपेक्षा ३ पट महत्त्वाची, डिलिव्हरी किमतीपेक्षा ३ पट, आणि तरीही किंमत गुणवत्तेपेक्षा २ पट, असं कोणी भरलं की हे गुणोत्तर ०.८६ येतं. साटींची मर्यादा ०.१०. अशी उत्तरं कोणी मुद्दाम देत नाही. दर जोडीला माणसाच्या डोळ्यांसमोर वेगळा प्रसंग असतो, एकदा परत पाठवलेली लॉट, एकदा वरिष्ठांनी किमतीवरून झापलेलं, आणि त्या गोळाबेरजेतून हे चक्र तयार होतं. आकडा जास्त आला की मी तो तक्ता घेऊन त्या व्यक्तीकडे जायचे आणि कोणती जोडी बाकीच्यांशी फटकून आहे ते दाखवायचे. खरेदीप्रमुख पहिल्यांदा वैतागले. “अहो मॅडम, मी म्हणतोय ते बरोबरच आहे, तुमचं सूत्र चुकत असेल.” मग स्वतःच जोडी बदलली.

गटाचं मत एकत्र करताना साधी सरासरी चालत नाही. क्वालिटीने गुणवत्तेला किमतीच्या तुलनेत ५ दिले आणि खरेदीने १/५ दिला, तर साधी सरासरी २.६ येते, म्हणजे गुणवत्ता पुढे. पण तीच तुलना उलटी लिहा, किमतीची गुणवत्तेशी, तरी सरासरी २.६च. म्हणजे आता किंमत पुढे! म्हणून भूमितीय मध्य (दोन आकड्यांच्या गुणाकाराचं वर्गमूळ) घ्यायचा, तो इथे नेमका १ येतो. गणित शुद्ध झालं. पण त्या १कडे पाहून कोणाला वाटेल की समितीच्या मते दोन्ही सारखेच महत्त्वाचे, आणि प्रत्यक्षात समितीत तसं म्हणणारं एकही माणूस नव्हतं. मी सादर करताना एकत्रित भारांकांच्या शेजारी प्रत्येक विभागाचे वेगळे भारांकही ठेवले. वाद जिथे होता तिथे दिसू दिला.

आणि इथेच मला या सगळ्या प्रकारातला खरा प्रश्न लागला. ‘गुणवत्ता महत्त्वाची की किंमत?’ या प्रश्नाला उत्तरच नाही. किती गुणवत्ता आणि किती किंमत? चाळणीतून उरलेल्या पुरवठादारांत किमतीचा फरक शेकडा चार होता. अपेक्षित रिजेक्शन, म्हणजे सदोष म्हणून नाकारावे लागणारे नग, मात्र एकाचं दहा लाखांत काहीशे, तर दुसऱ्याचं काही हजार. ज्या विषयात सगळ्यांनाच नव्वदच्या वर मार्क आहेत तो विषय कितीही मोठा असला तरी वर्गातला नंबर ठरवत नाही, तसंच हे. भारांक हा निकषाच्या थोरवीचा नसतो, समोरच्या पर्यायांत तो निकष जेवढा हलतो तेवढ्या हालचालीचा असतो.

म्हणून सगळ्यांना पुन्हा बसवलं आणि प्रश्न बदलून विचारला. समजा, एक काल्पनिक पुरवठादार सर्व निकषांवर यादीतल्या सर्वात वाईट पातळीवर आहे. त्यातला एकच निकष सर्वात चांगल्या पातळीवर आणता येणार असेल तर कोणता आणाल? त्याला १०० गुण. त्यानंतर कोणता, आणि पहिल्याच्या तुलनेत त्याची किंमत किती? ही ‘स्विंग’ पद्धत. कागदावर चाळणीतून उरलेल्यांच्या खऱ्या पातळ्या लिहिलेल्या होत्या, तत्त्व नव्हतं. खरेदीप्रमुखांनी पहिला निकष रिजेक्शन निवडला. चार टक्के किमतीसाठी तेवढं रिजेक्शन घेणं त्यांनाही परवडणार नव्हतं, हे त्यांनीच हिशेब करून सांगितलं. दोन विभागांच्या भारांकांतली दरी बरीच कमी झाली. पूर्ण बुजली नाही.

रिजेक्शनचे आकडे हा मात्र वेगळा घोळ. नव्या पुरवठादाराचा इतिहास आपल्याकडे नसतो, नमुन्याची लॉट असते, आणि नमुना कोणीही निवडून-पारखूनच पाठवतो. एकाने पाठवलेल्या ३०० नगांत एकही दोष नव्हता, तर क्वालिटीच्या एका सहकाऱ्याने त्या रकान्यात शून्य भरलं. संख्याशास्त्रात यासाठी तीनचा ढोबळ नियम आहे. नगांची संख्या ३०० असेल आणि दोष शून्य असेल, तर ९५ टक्के खात्रीने एवढंच म्हणता येतं की दोषाचं प्रमाण साधारण ३/३००च्या, म्हणजे एक टक्क्याच्या, खाली आहे. दहा लाखांत दहा हजारांपर्यंत काहीही! पुढे तीन दशांशांपर्यंत क्रमांक काढायचे आणि मुळाशी हे असं. म्हणून शून्याऐवजी पट्टा लिहिला, प्रक्रिया ऑडिटचे गुण शेजारी ठेवले, आणि पुढची सगळी गणितं पट्ट्याच्या दोन्ही टोकांनी करून पाहिली.

कोणीतरी फझी एएचपी (नेमक्या आकड्याऐवजी धूसर पट्ट्यात तुलना मांडणारी) सुचवली, की अनिश्चितता आहे तर फझीच हवी. लॉत्फी झादे यांची १९६५ची कल्पना सुंदर आहे. पण चँग यांची १९९६ची पद्धत, जी फझी एएचपी म्हणून सर्रास वापरली जाते, एखाद्या निकषाला चक्क शून्य भारांक देऊ शकते, आणि यावर २००८ मध्ये रीतसर टीकाही झाली आहे. आमची अनिश्चितता ‘थोडं जास्त महत्त्वाचं’ या शब्दांत नव्हती, मोजमापात होती. नको म्हटलं.

क्रम लावायला टॉप्सिस घेतली. ह्वांग आणि यून यांची, १९८१ची. सगळ्या रकान्यांतलं उत्तम घेऊन एक आदर्श पुरवठादार रचायचा, सगळं वाईट घेऊन त्याच्या उलट एक, आणि पहिल्याच्या जवळ व दुसऱ्यापासून लांब कोण ते मोजायचं. एक्सेलमध्ये सहज होते. पण अशा पद्धतींत रकाने एका मापात आणावे लागतात, आणि यादीत कोण आहे यावर ते माप बदलतं. हे समजावायला मी बैठकीत सोपं उदाहरण घेतलं, सर्वात कमीला १ आणि सर्वात जास्तीला ० देणाऱ्या मापाचं. दोन पुरवठादारांच्या किमती निर्देशांकात १०० आणि १०४, गुणवत्तेचे गुण ०.३ आणि ०.९, दोन्ही निकषांचे भारांक निम्मे-निम्मे. स्वस्ताला ०.६५, महागाला ०.४५. स्वस्त जिंकला. आता तिसरं एक कोटेशन आणा, निर्देशांक १४०, ज्याला कोणी कधी ऑर्डर देणार नाही. १०४वाल्याचे किमतीचे गुण शून्यावरून ०.९ होतात आणि त्याची बेरीज ०.९०. तो जिंकला. ज्याचा काही संबंध नाही असा तिसरा आला आणि पहिल्या दोघांचा क्रम उलटला.

खोलीत थोडा वेळ सगळे एकमेकांकडे पाहत होते. प्रत्येकाच्या मनात तोच विचार असणार: म्हणजे एक फालतू कोटेशन मागवून निकाल फिरवता येतो. येतोच. एएचपीमधल्या क्रमबदलावर तर बेल्टन आणि गिअर यांनी १९८३ मध्येच बोट ठेवलं होतं. आम्ही उपाय असा केला की प्रत्येक निकषाची वरची-खालची मर्यादा कोटेशन उघडण्याआधीच ठरवून गोठवायची, भारांकही त्याच मर्यादांना धरून घ्यायचे आणि टॉप्सिसचे दोन आदर्शही त्याच मर्यादांवर बसवायचे. आमच्या वेळी कोटेशन आधीच आलेली होती. तरी मर्यादा आजवरच्या खरेदीच्या नोंदींवरून घेतल्या आणि स्विंगचे प्रश्न त्या पातळ्यांवर परत विचारले.

शेवटी पहिल्या दोघांत फरक अगदी थोडा उरला. मी क्रम जाहीर करण्याऐवजी किमतीचा भारांक शून्यापासून वर सरकवत गेले आणि पहिला क्रमांक कुठे बदलतो ते आलेखावर दाखवलं. तो बदलत होता साधारण ०.४ला. आमच्या समितीतल्या एकाही विभागाचा भारांक तिथपर्यंत जात नव्हता, खरेदीचासुद्धा. वाद तिथेच मिटला, आणि तो टॉप्सिसच्या तीन दशांशांनी मिटवलेला नव्हता. रिजेक्शनच्या पट्ट्याचं वाईट टोक धरलं तेव्हा मात्र दोघे बरोबरीत येत होते, ते मी अहवालात तसंच लिहिलं.

म्हणून सगळी ऑर्डर एकाला दिली नाही. गुण हे उद्दिष्ट आणि क्षमता, मागणी, किमान ऑर्डर या मर्यादा धरून रेषीय प्रोग्रामिंगने वाटणी करता येते. घोडसीपूर आणि ओब्रायन यांनी १९९८ मध्ये एएचपीशी त्याची जोड घालून दाखवली आहे. आमचं गणित इतकं लहान होतं की एक्सेलच्या सॉल्व्हरने क्षणात उत्तर दिलं: जुन्याचा हिस्सा कमी, नवा पहिला, आणि दुसऱ्या क्रमांकाला किमान ऑर्डरएवढंच काम, म्हणजे त्याच्या रिजेक्शनच्या रकान्यात पट्ट्याऐवजी खरे आकडे येऊ लागतील.

त्यानंतर पॅकिंगच्या खोक्यांसाठी खरेदी विभागाने मला ‘तेच एएचपी वगैरे’ करायला बोलावलं. कोटेशन दोन होती. एकाची किंमत कमी, माल लवकर, आणि खोक्याची मजबुतीही जास्त. मी लॅपटॉप उघडला नाही.