नाशिकची ओतीव चांदी: टंच बघितला, पोट बघायचं राहिलं

ओतीव चांदीच्या मूर्ती जमवायचा मला नाद आहे. नाशिकच्या सराफ बाजारात भरीव माल मिळतो असं ऐकून दोन दिवस गेलो आणि पहिल्याच दिवशी फसलो. पांडवलेणी, मिसळ छान झालं, ते सोडून द्या.

नाशिकरोड स्टेशन गावापासून नऊ-दहा किलोमीटर. रविवार कारंजापर्यंत रिक्षा, पुढे पायी. गल्ल्यांत गाडी घालू नका. बुधवारी गोदाकाठी आठवडेबाजार असतो, तो दिवस टाळा. पावसाचा जोर असेल तर बेतच रद्द करा, 2019 च्या पुरात इथल्या दुकानांत पाणी शिरलं होतं.

तर नंदी. 318 ग्रॅम. ‘भरीव, ओतीव, हातकाम.’ समोरच मशीनवर टंच, म्हणजे चांदीची शुद्धता, काढला, 92 टक्क्यांच्या वर आला. मी खूश! मशीन वरचाच थर वाचतं हे माहीत असून तेव्हा सुचलं नाही. रात्री लॉजवर डब्यात पाणी घेतलं, डबा खिशातल्या काट्यावर ठेवून काटा शून्य केला आणि नंदी दोऱ्याने पाण्यात सोडला. पूर्ण बुडवायचा, पण तळाला टेकू द्यायचा नाही; चिकटलेले बुडबुडे झटकायचे. काटा जितके ग्रॅम दाखवेल तितके मिलीलीटर त्याचं आकारमान. चांदीची घनता साधारण साडेदहा, म्हणजे मिलीलीटरमागे साडेदहा ग्रॅम; 318 ग्रॅमला तीस-एकतीस यायला हवे होते. आले 71. वर पत्रा, पोटात लाख. आणि त्या लाखेवरही मी ग्रॅममागे मजुरी आणि वर 3 टक्के जीएसटी भरून आलो होतो!

सकाळी परत गेलो. ‘पोकळ मालात भरतातच हो.’ भरतात, मान्य. पातळ पत्रा चेपू नये म्हणून भरावंच लागतं. पण ते चांदीच्या भावात? तासभर हुज्जत घातली, शेवटी वीस टक्के घट कापून पैसे मिळाले. बिलावर ‘भरीव’ लिहून घेतलं असतं तर एवढंही गेलं नसतं. सोन्यासारखी हॉलमार्कची सक्ती चांदीला नाही, आणि 925 चा (हजारात 925 भाग चांदी) शिक्का असला तरी तो आत काय भरलंय ते सांगत नाही.

दुपारी मागच्या एका बोळात एक म्हातारे कारागीर भेटले. मुशीत टाकणखार टाकला, वर कोळशाचा तुकडा. ‘वितळलेली चांदी हवा पिते, निवताना थुंकते, मग भोकं पडतात,’ म्हणाले. वाळूच्या साच्यातून काढलेल्या दिव्याच्या पोटावर साच्याच्या जोडाची शिवण होती, ती कानसेने घासायला त्यांना ओतण्याच्या चौपट वेळ लागला. मजुरी नगावर सांगितली, ग्रॅमवर नाही. मी दिवा हातात घेऊन उलटा केला: आतून खडबडीत, कानशीच्या रेघा, एका जागी टाचणीच्या डोक्याएवढं भोक. असाच माल घ्या. आतून आरशासारखं गुळगुळीत असेल तर ठेवून द्या.

नंदी त्यांच्याकडेच सांगून आलोय, पंधरा दिवसांनी न्यायचा. डबा आणि काटा तेव्हाही नेणार. म्हातारबुवांनी रागावू नये एवढंच.