सॉल्व्हरला कुठून सुरुवात करून द्यायची?

विक्री विभागाने माझ्याकडे दोन प्रश्न एकदमच सोपवले होते. उत्पादनाची क्षमता मर्यादित आहे, तर किंमत किती ठेवायची? आणि जाहिरातीचं ठरलेलं बजेट दोन माध्यमांत कसं वाटायचं? वेगळं सॉफ्टवेअर घ्यायचा विषयच नव्हता. ज्यांना उत्तर वापरायचं होतं ते सगळे दिवसभर एक्सेलमध्येच असतात, त्यामुळे काम एक्सेलमधल्या सॉल्व्हरवरच करायचं ठरलं. दिलेल्या मर्यादा पाळून उद्दिष्टाचा आकडा जास्तीत जास्त (किंवा कमीत कमी) होईल असे सेलमधले आकडे शोधणं हे त्याचं काम. हा ॲड-इन एक्सेलसोबतच येतो. ऑप्शन्समधल्या ॲड-इन्सच्या यादीत त्याच्यापुढे खूण केली की तो डेटा टॅबवर दिसू लागतो.

किंमतीचा प्रश्न आधी घेतला, कारण तो कागदावर सोडवून पडताळता येतो. आकडे सोपे करून सांगतो. मागणी म्हणजे १००० वजा किंमतीची चौपट, आणि नगामागे खर्च ५०. एका सेलमध्ये किंमत, दुसऱ्यात मागणीचं सूत्र, तिसऱ्यात नफा: किंमतीतून ५० वजा करून मागणीने गुणायचं. किंमत मार्जिनमध्येही (किंमत वजा खर्च) आहे आणि मागणीतही, त्यामुळे गुणाकारात तिचा वर्ग येतो. इथे सिम्प्लेक्स एलपी ही फक्त रेषीय, म्हणजे सरळ रेषेतल्या सूत्रांसाठीची पद्धत निवडली तर रेषीयतेची अट पाळली जात नसल्याचं सांगून सॉल्व्हर हात वर करतो. जीआरजी नॉनलिनिअर ही वक्र सूत्रांसाठीची पद्धत निवडल्यावर उत्तर लगेच आलं: किंमत १५०, मागणी ४००, नफा ४०,०००. कागदावरही हेच येतं. मग उत्पादनाची क्षमता ३०० नग धरून मागणी ३०० च्या आत राहावी अशी मर्यादा घातली. किंमत १७५ वर गेली आणि नफा ३७,५०० वर उतरला.

जीआरजीमागचा प्रोग्राम लिऑन लॅस्डन आणि ॲलन वॉरेन या दोघांनी लिहिलेला. त्याचं काम समजून घेतल्याशिवाय पुढचा प्रश्न हाती घेऊ नये असं माझं मत आहे. तो आपण सेलमध्ये ठेवलेल्या आकड्यांपासून निघतो, प्रत्येक आकडा किंचित हलवून उद्दिष्टाचा सेल किती बदलतो ते पाहतो आणि फायद्याच्या दिशेने पुढे सरकतो. म्हणजे दाट धुक्यात पायाखालचा चढ चाचपत वर जाणं. पायाखाली चढ उरला नाही की तो थांबतो. शेजारी याहून उंच टेकडी आहे की नाही, हे त्याला कळायला मार्ग नाही. किंमतीच्या प्रश्नात टेकडी एकच होती, म्हणून कुठूनही निघालं तरी चालत होतं.

जाहिरातीच्या प्रश्नात तसं नव्हतं. जाहिरातीवर थोडाच खर्च केला तर कोणाच्या लक्षातही येत नाही, एका पातळीनंतर प्रतिसाद झपाट्याने वाढतो आणि पुढे थंडावतो. अशा एस आकाराच्या वक्रासाठी मी घेतलेलं सूत्र असं: खर्चाचा वर्ग भागिले (खर्चाचा वर्ग अधिक एका स्थिरांकाचा वर्ग), आणि येईल त्याला कमाल प्रतिसादाने गुणायचं. पहिल्या माध्यमाचा कमाल प्रतिसाद ५०० आणि स्थिरांक ६०. दुसऱ्याचा ३८० आणि ४०. एकूण बजेट ८०.

आता गंमत बघा. दोन्ही सेलमध्ये शून्य ठेवून सॉल्व्ह दाबलं, तर तो शून्यावरच बसून राहतो आणि वर उत्तर सापडल्याचं सांगतो. शून्यापाशी हा वक्र अगदी सपाट असतो, त्यामुळे चाचपायला चढच मिळत नाही. सगळे ८० पहिल्या माध्यमात टाकून निघालं तर तो तिथून हलत नाही, प्रतिसाद ३२०. सगळे दुसऱ्यात टाकले तर ३०४, आणि तिथेही समाधानी. चाळीस-चाळीसपासून निघालं तर मात्र तो साधारण ४३.७ आणि ३६.३ अशा वाटणीवर पोचतो आणि प्रतिसाद ३४५ च्या आसपास येतो. सूत्रं तीच, मर्यादा त्याच, बटणही तेच. बदलला तो फक्त सुरुवातीचा आकडा.

म्हणून मी शीटवर सुरुवातीच्या आकड्यांचा वेगळा रकाना ठेवला आणि त्याच्या शेजारी प्रत्येक सुरुवातीतून निघालेलं उत्तर. सॉल्व्हरच्या ऑप्शन्समध्ये मल्टिस्टार्ट आहे, तो हेच काम आपणहून करतो: वेगवेगळ्या ठिकाणांहून निघून त्यातलं सर्वांत चांगलं उत्तर देतो. त्यासाठी प्रत्येक निर्णयाच्या सेलला खालची आणि वरची मर्यादा द्यावी, नाहीतर निघायची ठिकाणं तो कुठल्या पट्ट्यातून निवडणार? तरीही माझा रकाना मी काढला नाही. बैठकीत ‘हेच उत्तर का?’ असं कोणी विचारलं की तो दाखवता येतो, मल्टिस्टार्टच्या आत काय घडलं ते दाखवता येत नाही.

शेवटी येणारा निरोपही नीट वाचावा. सर्व मर्यादा आणि इष्टतमतेच्या (उत्तर सर्वोत्तम असण्याच्या) अटी पूर्ण झाल्या असं तो म्हणाला, तर निदान जवळपास तरी त्याला याहून चांगलं काही सापडलेलं नाही. पण ‘सध्याच्या उत्तराशी कन्व्हर्ज झालो’ एवढंच म्हणाला, तर त्याचा अर्थ आकडा फार हळू बदलतोय म्हणून त्याने पुढे जाणं सोडलं. अशा वेळी कन्व्हर्जन्सचा आकडा (बदल किती कमी झाला की थांबायचं ते) ०.०००१ वरून आणखी लहान करून मी पुन्हा चालवतो. एका सेलमध्ये कोटीतला आकडा आणि दुसऱ्यात ०.०३ असा दर असेल तर ऑटोमॅटिक स्केलिंग (लहान-मोठे आकडे आतल्या आत एका पातळीवर आणणारा पर्याय) सुरू आहे का तेही पाहतो. त्याहून बरं म्हणजे कोटी हेच एकक धरून शीट लिहिणं.

मधेच पुरवठादाराच्या सवलतीचे टप्पे आले. ठरावीक नगांच्या वर दर कमी, म्हणजे सूत्रात इफ, हे अट घालणारं एक्सेलचं फंक्शन. टप्प्यापाशी खर्चाची रेघ तुटते आणि चढ चाचपणाऱ्या जीआरजीला तिथे काही सुचत नाही. सॉल्व्हरमधल्याच इव्होल्यूशनरी या तिसऱ्या पद्धतीला अशा तुटक सूत्रांचं वावडं नाही, पण ती वेळ खाते आणि आपलं उत्तर सर्वोत्तम असल्याची हमीही देत नाही. टप्पे थोडेच होते, म्हणून प्रत्येक टप्पा मर्यादा म्हणून घालून जीआरजी वेगवेगळी चालवली आणि उत्तरांची तुलना केली. कंटाळवाणं काम, पण निकालाबद्दल वाद उरला नाही.

सगळ्यांत जास्त चर्चा झाली ती सेन्सिटिव्हिटी रिपोर्टवर, म्हणजे मर्यादा जरा बदलली तर उत्तर किती बदलेल ते सांगणाऱ्या सॉल्व्हरच्या अहवालावर. किंमतीच्या प्रश्नात क्षमतेच्या मर्यादेसमोर लॅग्रांज मल्टिप्लायर ५० आला होता. म्हणजे क्षमता एका नगाने वाढली तर नफा साधारण ५० ने वाढेल. उत्पादन प्रमुखांनी लगेच हिशेब केला, “मग ४० नग वाढवले तर २,००० मिळतील ना?” मी म्हटलं, “नाही साहेब, हा ५० फक्त ३०० च्या आसपासच खरा.” मर्यादा ३४० करून त्यांच्यासमोरच सॉल्व्हर चालवला. नफा ३९,१०० आला, म्हणजे वाढ १,६०० ची, आणि मल्टिप्लायर ३० वर उतरला होता. ३८० ला तो १० होतो, ४०० ला शून्य, आणि त्यापुढे क्षमता कितीही वाढवली तरी या किंमतीच्या गणितात काही फरक पडत नाही.

ओव्हरटाइममुळे नगामागे ३० जादा खर्च येईल असा त्यांचा अंदाज होता. त्या हिशेबाने ३४० वर थांबायचं ठरलं, आणि किंमत १६५.