वाळणकोंडीचे खडस

महाडहून बिरवाडीमार्गे निघालो ते मासे बघायला. वाळणकोंडीला काळ नदी कातळ कापत खोल डोहात उतरते. काठावर वरदायिनी देवी आहे, म्हणून डोहातले मासे देवाचे. त्यांना कुणी गळ लावत नाही. (देवाचे मासे म्हणा, देवमासे नको. ते समुद्रात.)

हे मासे म्हणजे दख्खनी महासीर, आपला खडस. ब्रिटिश लष्करी अधिकारी आणि निसर्ग-अभ्यासक साईक्सने १८३९ मध्ये पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या माशावरून त्याची शास्त्रीय नोंद केली. आज तिथल्या पुलावर उभं राहून खडस शोधा बघू! त्याला स्वच्छ, वाहतं, भरपूर प्राणवायूचं पाणी लागतं, तळाला खडक-गोटे लागतात. उन्हाळ्यात नदीची धार बारीक झाली की असे डोहच त्याला तारतात.

आमची सुरुवात चुकलीच. पोचल्या पोचल्या चुरमुरे टाकले. पाणी नुसतं खळबळलं, फोटोत फेस आणि शेपट्या. मग पिशवी बांधून ठेवली, कातळावर गप्प बसलो. वीसेक मिनिटांत पाणी निवळलं. आधी बोटाएवढी पिल्लं कडेला आली, त्यांच्या खाली हातभर लांबीचे, पाठ हिरवट-काळसर, अंगावर रुपयाएवढे खवले. तोंडाजवळच्या मिशा दगडाला लावत एक जण शेवाळ चाचपत होता. एकदा अगदी खालून एक मोठी सावली सरकली. डोहाचा तळ सात बाजल्यांच्या सुंभालाही लागत नाही म्हणतात. त्या क्षणी मला ते पटलं.

जायचं तर डिसेंबर ते मे. पावसाळ्यात पाणी गढूळ, आणि सह्याद्रीतल्या नद्यांचा लोंढा सांगून येत नाही. सकाळी लवकर पोचा, ऊन तिरपं असताना. पोलराइज्ड गॉगल असेल तर पाण्यावरची चमक मरते, मासा खोलवर दिसतो. मोबाइलच्या कॅमेऱ्यापुढेही तोच धरा. इथल्या झुलत्या पुलावरून अख्खा थवा दिसतो, पण मिशा बघायच्या तर खाली उतरायलाच हवं. कातळ बुळबुळीत आहे, पकड असलेले बूट घाला. पाण्यात उतरू नका, डोह खोल आहे. खायला घालायचंच तर मूठभर चुरमुरे, तेही निघताना. बिस्किटं-फरसाण नको, आणि प्लास्टिकची पिशवी खिशातच परत न्या. आमची एक वाऱ्याने उडाली, ती काढायला अर्धा तास गेला.